डिजिटल संग्रहातल्या नोंदींचे विषयशब्द : तयार यादी, घरची यादी की मोकळे टॅग?

कपाटचावी

मिश्र संग्रह आहे, साधारण ४००० नग. छायाचित्रं, स्कॅन केलेल्या पुस्तिका, ध्वनिमुद्रणं, काही नकाशे, थोड्या आकडेवारीच्या फायली. विषयाचा रकाना आजवर मोकळा होता, नोंद करणाऱ्याने सुचेल ते लिहायचं. आता त्यात ‘विहीर’, ‘विहिर’, ‘विहिरी’, ‘कूप’ असे चारही शब्द आहेत आणि निम्म्याहून अधिक शब्द एकेकदाच वापरलेले आहेत. चार प्रश्न आहेत. तयार यादी कोणती घ्यावी? ती इंग्रजीत असेल तर मराठी शब्दांचं काय? एका नगाला किती शब्द द्यावेत? आणि आधीचा पसारा कसा आवरावा?

तळटीप

कोणती यादी हे नंतर पाहू. त्याआधी त्या एका रकान्यात किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत ते पाहा. नदीवरच्या पुलाचा फोटो असेल, तर मोकळ्या रकान्यात साधारण असं सापडतं:

पूल, दगडी, नदी, फोटो, कृष्णधवल, १९३०, जुने, सुंदर, वारसा, स्कॅन

या दहांत विषय म्हणावेत असे शब्द ‘पूल’ आणि ‘नदी’. ‘दगडी’ला पुलाला जोडूनच अर्थ आहे, तेव्हा ‘दगडी पूल’ असा एक शब्द करा. ‘फोटो’ आणि ‘कृष्णधवल’ म्हणजे नगाचा प्रकार, ‘१९३०’ म्हणजे काळ, ‘स्कॅन’ म्हणजे फाइल कशी तयार झाली ते. ‘सुंदर’ कुणी शोधत नाही. ‘जुने’ कधीपासून जुने, हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘वारसा’ मात्र फसवा आहे. पुस्तिका वारसा-संवर्धनावर असेल तर तो विषय आहे, पण पूल जुना दिसतो म्हणून चिकटवलेला ‘वारसा’ हे नोंद करणाऱ्याचं मत झालं.

डब्लिन कोअर या नोंदींच्या सर्वमान्य साच्यात १५ घटक आहेत आणि विषय, व्याप्ती, प्रकार, स्वरूप, भाषा, तारीख हे त्यातले वेगवेगळे घटक आहेत. (नावातलं डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं. १९९५ची पहिली बैठक तिथे झाली होती.) प्रत्येक घटकाची यादीही वेगळी असते. प्रकारासाठी त्यांचीच १२ शब्दांची यादी आहे: मजकूर, स्थिरचित्र, चलचित्र, ध्वनी, डेटासेट वगैरे. भाषेसाठी आयएसओ ६३९चे कोड आहेत. तारखेसाठी आयएसओ ८६०१, म्हणजे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. हे रकाने वेगळे केले की विषयाच्या यादीवरचा भार निम्मा होतो आणि मग कोणती यादी लागेल ते आपोआप दिसू लागतं.

नेहमीची चूक म्हणजे नग *काय आहे* आणि नग *कशाविषयी आहे* यांची सरमिसळ. विषयात ‘छायाचित्र’ लिहिलं की छायाचित्रणकलेवरची पुस्तिका शोधणाऱ्यापुढे संग्रहातला प्रत्येक फोटो येऊन पडतो. ‘पत्र’, ‘नकाशा’, ‘मुलाखत’ यांचंही तेच. नग स्वतः पत्र असेल तर तो शब्द प्रकारात टाका. पत्रलेखनावरचा लेख असेल तर ‘पत्रलेखन’ विषयात.

अधोरेखित

तळटीप यांच्याशी सहमत. आता याद्यांकडे. सगळ्यांना पुरेल अशी एकच यादी नसते, आणि एका संग्रहाने दोन-तीन याद्या वापरण्यात काही गैर नाही. फक्त प्रत्येक शब्द कोणत्या यादीतला आहे ते नोंदीत लिहिलेलं हवं. मार्क या ग्रंथालयनोंदींच्या संगणकीय साच्यात त्याची सोय आहे: क्षेत्र ६५०, दुसरा निर्देशक ७, आणि उपक्षेत्र २ मध्ये यादीचं चिन्ह.

लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं १८९८पासून चालू आहेत. अफाट पसारा, जवळजवळ कोणताही विषय मिळतो. पण ती साखळीने लिहायची असतात, ‘पूल--इटली--इतिहास--१९वे शतक’ अशी. कडीमागून कडी कोणत्या क्रमाने येते याचे नियम आहेत आणि ते शिकायला वेळ लागतो. शिवाय डावीकडे गाळण्या (फिल्टर) असलेल्या आजच्या शोधपानांवर या लांब साखळ्या अडगळीसारख्या दिसतात. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने त्याच शीर्षकांतून फास्ट ही यादी काढली, तिच्यात हीच साखळी सुटी होते: पूल, इटली, इतिहास, १८००–१८९९. डिजिटल संग्रहाला माझं मत फास्टला.

वस्तू, साहित्य, तंत्र, शैली यांसाठी गेटी या अमेरिकी कलासंस्थेचा आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस, म्हणजे एएटी. फोटो आणि नकाशे असल्यामुळे प्रकाराच्या रकान्यालाही तोच उपयोगी पडेल, कारण ‘छायाचित्र’च्या खाली प्रिंट, निगेटिव्ह, काचेवरची निगेटिव्ह असे नेमके शब्द त्यात मिळतात. त्यात गावं आणि माणसं नाहीत. स्थळांसाठी टीजीएन आणि कलावंतांच्या नावांसाठी युलान ही त्याची भावंडं आहेत. वैद्यकाला मेश (१९६०पासून, दरवर्षी सुधारून निघतो). शेती, अन्न, मत्स्यव्यवसाय यांना एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा अॅग्रोव्हॉक, जो चाळीसहून अधिक भाषांत आहे. लहान सर्वसाधारण ग्रंथालयासाठी सीअर्सची यादी, १९२३ची.

निवड कागदावर करू नका. संग्रहातले ५० नग काढा, सगळ्या प्रकारांतले आणि त्यात दहा अवघड असू द्या. प्रत्येकाचे विषय आधी साध्या भाषेत लिहा. मग ते उमेदवार यादीत शोधा आणि तीन खुणा करा: नेमका शब्द मिळाला, फक्त व्यापक मिळाला, मिळालाच नाही. ‘नेमका’ दोन-तृतीयांशांच्या वर गेला तर यादी घ्या. ‘फक्त व्यापक’चाच ढीग झाला तर यादी तुमच्या संग्रहापेक्षा ढोबळ आहे, ती घेतली तर चारशे नगांवर ‘जलसंपदा’ हा एकच शब्द येईल. बरेच शब्द मिळालेच नाहीत, तर मुख्य यादी दुसरी शोधा किंवा तेवढ्या भागापुरती घरची यादी करा. सगळीच्या सगळी घरची यादी करायला बसू नका. तीनशे शब्द गोळा होतात महिन्याभरात, पण त्यांचे परस्परसंबंध लावताना वर्ष निघून जातं.

कपाटचावी

५० नगांची चाचणी करतो. पण एएटी काय आणि फास्ट काय, दिसणारे शब्द इंग्रजीच. शोधणारा ‘विहीर’ टाइप करणार.

तळटीप

म्हणून शब्द साठवायचा नाही, संकल्पनेचा क्रमांक साठवायचा. एएटी, फास्ट, अॅग्रोव्हॉक, तिन्हींत प्रत्येक संकल्पनेला कायमचा क्रमांक आणि वेबपत्ता असतो. नोंदीत तो पत्ता ठेवा आणि मराठी नाव तुमच्या बाजूने जोडा. यासाठी डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा स्कॉस आहे (२००९), म्हणजे शब्दयादी यंत्राला कळेल अशी मांडायचा नमुना. त्याचा कणा सोपा आहे: एका संकल्पनेला एका भाषेत प्राधान्यनाव एकच, पर्यायी नावं हवी तितकी, आणि छुपी नावं वेगळी. छुपी म्हणजे शोधात चालतात पण पडद्यावर दिसत नाहीत. चुकीची शुद्धलेखनं तिथे टाकायची.

एक नोंद अशी:

प्राधान्यनाव : विहीर
पर्यायी : कूप
छुपी : विहिर, विहिरी, विहीरी
व्यापक : जलस्रोत
संकुचित : कूपनलिका
संबंधित : रहाट, भूजल
व्याप्तिटीप : पाण्यासाठी जमिनीत खोदलेली किंवा बांधलेली रचना. तेलविहिरींसाठी ‘तेलविहीर’ वापरा.
बाह्य जुळणी : एएटीतला पत्ता, ‘नेमकी’ किंवा ‘जवळची’

शेवटच्या ओळीत घाई करू नका. आपला शब्द त्यांच्यापेक्षा थोडा जरी अरुंद असला तरी ‘जवळची’ लिहा. ‘नेमकी जुळणी’ साखळीने पुढे जाते, मधलं एक सैल झालं की भलत्याच दोन गोष्टी समान ठरतात.

बिनीचा_शब्द

रहाट संबंधित का? विहिरीचाच भाग ना, मग संकुचित का नाही?

तळटीप

कारण ‘संकुचित’ म्हणजे प्रकार. कसोटी ही: *सगळ्या* कूपनलिका विहिरी आहेत का? हो. *काही* विहिरी कूपनलिका आहेत का? हो. म्हणजे उतरंड बरोबर. आता रहाट ही विहीर आहे का? नाही, ते पाणी काढायचं साधन. ते उतरंडीत घुसवलंत तर ‘जलस्रोत’ शोधणाऱ्याला लाकडी चाकांचे फोटो मिळतील. आयएसओ २५९६४ या शब्दयाद्यांच्या मानकात (भाग १, २०११) अंग आणि अंगी यांची उतरंड मोजक्याच ठिकाणी चालते: शरीराचे अवयव, भौगोलिक जागा, ज्ञानशाखा, संस्थांचे विभाग. बाकी सगळं ‘संबंधित’मध्ये. घरगुती याद्या सगळ्यात जास्त इथेच बिघडतात.

जोडाक्षर

सगळे संकल्पनांवर बोलताय, पण मराठी यादी मोडते ती अक्षरांवर! जरा खाली उतरू.

१) ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, एकसंध अक्षर (युनिकोड ०९७२). दोन, ‘अ’ अधिक चंद्राची खूण (०९०५ + ०९४५). डोळ्याला सारखे, यंत्राला वेगळे. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची युनिकोडची पद्धत) केलं तरी हे दोन एक होत नाहीत, नियम स्वतः लिहावा लागतो. वर अधोरेखित यांनी लिहिलेला ‘अॅग्रोव्हॉक’ आणि माझा ‘ॲग्रोव्हॉक’ शोधून बघा, सापडतात का एकमेकांना.

२) आता रफार आणि अर्धा ऱ. ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहितात: ‘ऱ’ (०९३१) + हलन्त + य, किंवा साधा ‘र’ + हलन्त + अदृश्य जोडचिन्ह + य. इथे लोक एक घोडचूक करतात. अदृश्य चिन्हं म्हणजे कचरा, असं समजून सगळी एका झटक्यात पुसतात. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या ‘दऱ्या’मधलं जोडचिन्ह गेलं की उरतो ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्या एका आज्ञेत समुद्रात! ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं ते निराळंच. म्हणून क्रम पाळा. आधी ‘र + हलन्त + जोडचिन्ह’ हे त्रिकूट शोधून त्याजागी ‘ऱ + हलन्त’ ठेवा, मग एनएफसी करा, आणि शेवटी उरलेली अदृश्य चिन्हं काढा.

३) ऱ्हस्व-दीर्घ. १९६२च्या नियमांपासून ‘कवि’चं ‘कवी’ झालं, पण त्याआधीच्या पुस्तिकांच्या शीर्षकांत ‘कवि’ आहेच आणि शीर्षक जसं छापलंय तसंच उतरवायला हवं. शीर्षकाला हात लावू नका. विषयात प्रमाण रूप ‘कवी’, छुप्या नावांत ‘कवि’.

४) अनुस्वार की परसवर्ण, देवनागरी आकडे (०–९) की इंग्रजी (0–9), शब्दामागची रिकामी जागा. कंटाळवाणं आहे, पण अर्धा पसारा यातच असतो.

अधोरेखित

हो, पकडलंत. :)

यालाच जोडून एकवचन-अनेकवचन. मोजता येणाऱ्या वस्तू अनेकवचनात लिहायच्या हा इंग्रजी याद्यांचा रिवाज. फ्रेंच-जर्मन परंपरा एकवचनाकडे झुकते. मराठीत मी एकवचनच घेईन, कारण कोशातलं रूप तेच, आणि ‘पूल’, ‘दगड’, ‘ग्रंथ’ यांचं अनेकवचन तसंही वेगळं दिसत नाही. खरा घोळ सामान्यरूपाचा आहे. शोधयंत्रात ‘पूल’ टाकलं तर ‘पुलाचे बांधकाम’ हे शीर्षक सापडत नाही, दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला असतो. ‘विहीर’ला ‘विहिरींची’ सापडत नाही. शब्दाच्या सुरुवातीवरून शोध घेतला तरी नाही, कारण तिसऱ्याच चिन्हानंतर दोन्ही फुटतात. इंग्रजीत मोकळा मजकूर शोधून बरंच भागतं, मराठीत ते भागत नाही. विषयरकान्यात मूळ रूप असणं इथे सोय नाही, गरज आहे.

बिनीचा_शब्द

मोकळ्या टॅगना इतकं झोडपू नका. नवा विषय सगळ्यात आधी तिथेच दिसतो, तयार यादीत यायला काळ जातो. आणि यादीवाले ज्या शब्दाला नाक मुरडतात तोच शब्द लोक टाइप करत असतात. यादीत ‘संगणक’, शोधणारा ‘कॉम्प्युटर’. हे कळणार कुठून, तर टॅगांतून आणि शोधांच्या नोंदवहीतून. शून्य निकाल आलेले शोध दर महिन्याला काढून बघा, पर्यायी नावांचा तो तयार खजिना आहे.

तळटीप

झोडपत नाही, शेजार वेगळा हवा. दोन रकाने करा, एक यादीतलाच, एक मोकळा. मोकळ्यातला शब्द तीन-चार नगांवर दिसला की तो उमेदवार. मग तपासायचं: यादीतल्या कशाचा पर्याय आहे की खरंच नवी संकल्पना? एका रकान्यात दोन्ही मिसळले की गाळण्यांचा सत्यानाश होतो.

आणि वेबपानाच्या शीर्षभागातल्या कीवर्ड टॅगमध्ये शब्दांची माळ भरून काही मिळत नाही. तो क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९मध्येच सांगून टाकलंय. विषयशब्द तुमच्या स्वतःच्या शोधासाठी, गाळण्यांसाठी आणि इतर संग्रहांशी देवाणघेवाणीसाठी असतात.

कपाटचावी

किती द्यायचे, ते राहिलं.

अधोरेखित

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नियम असा की विषयाने निदान २० टक्के भाग व्यापला असेल तर शीर्षक द्यावं. तासाभराच्या मुलाखतीत तो १२ मिनिटांचा होतो. पाच मिनिटांत उल्लेख होऊन गेलेला विषय वर्णनात लिहा, विषयात नको. फोटोला टक्के लावू नका, तिथे चौकटीतली जागा आणि महत्त्व यांचा संबंध नसतो. आभाळ अर्ध्या फोटोत असतं, विषय ते क्वचितच.

आकडाच हवा तर फोटोला २ ते ४, पुस्तिकेला ३ ते ६. दहाच्या वर गेलात तर एखादा रकाना चुकलाय किंवा व्यापक आणि संकुचित दोन्ही लिहिताय. सगळ्यात नेमका शब्द लिहायचा. कूपनलिकेचा नग असेल तर ‘कूपनलिका’, त्यासोबत ‘विहीर’ आणि ‘जलस्रोत’ नाही.

जोडाक्षर

याला एक ‘पण’ आहे. तुमची प्रणाली उतरंड उलगडते का ते आधी बघा. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसाठ्यात मेशचा व्यापक शब्द शोधला की त्याखालचे सगळे आपोआप येतात. रकाना नुसता मजकूर असेल तर ‘विहीर’ शोधणाऱ्याला ‘कूपनलिका’ दिसणारच नाही. अशा वेळी एक पायरी वरचा शब्द जोडायला हरकत नाही. एकच पायरी, आणि नियमावलीत तसं लिहून.

कपाटचावी

आणि एकाच शब्दाचे अनेक अर्थ?

तळटीप

कंसात अर्थखूण. अंक (संख्या), अंक (नाटक), अंक (नियतकालिक). पात्र (नदी), पात्र (नाटक), पात्र (भांडी). बुध (ग्रह), बुध (वार). शक्य तिथे खूण टाळून स्वतंत्र शब्दच घ्या. ‘नदीपात्र’ हे ‘पात्र (नदी)’पेक्षा बरं, कारण लोक तेच टाइप करतात.

स्थळांची अडचण उलटी आहे, तिथे नावं अनेक आणि जागा एक. सेंट पीटर्सबर्ग १९१४मध्ये पेट्रोग्राड झालं, १९२४मध्ये लेनिनग्राड, १९९१मध्ये परत मूळ नावावर. १९४०च्या नकाशाच्या शीर्षकात ‘लेनिनग्राड’ राहू द्या. स्थळाच्या रकान्यात टीजीएनचा किंवा जिओनेम्स या स्थळनामांच्या साठ्यातला क्रमांक एकच, दिसणारं नाव आजचं.

जोडाक्षर

आता आवराआवर. विस्कळीत डेटा साफ करायचं ओपनरिफाइन हे सॉफ्टवेअर वापरा. टप्पे:

विषयाचा रकाना नगक्रमांकासह बाहेर काढा. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा, तिला हात नाही. विभाजकावर रकाना तोडा. विभाजक स्वल्पविराम असेल तर आधी नजर फिरवा, ‘आडनाव, नाव’ असं लिहिलेलं असेल तर माणसाचे दोन तुकडे होतील. पुढे कायमसाठी उभी रेघ विभाजक ठेवा.

मग वर सांगितलेलं अक्षरशुद्धीकरण, त्याच क्रमाने.

मग क्लस्टर, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे गट. फिंगरप्रिंट पद्धत रिकाम्या जागा, विरामचिन्हं आणि शब्दांचा उलटसुलट क्रम पकडते, ऱ्हस्व-दीर्घ पकडत नाही. उच्चारावर चालणाऱ्या मेटाफोनसारख्या पद्धती रोमन लिपीसाठी आहेत, देवनागरीत सोडून द्या. ऱ्हस्व-दीर्घासाठी ‘नियरेस्ट नेबर’ आणि लेव्हेन्श्टाइन अंतर १, म्हणजे एकाच चिन्हाचा फरक. इथे एक खुंटी आडवी येते: ‘ब्लॉक कॅरेक्टर्स’ (दोन शब्दांची तुलना व्हायला सलग किती चिन्हं समान हवीत तो आकडा) मुळात ६ असतं. ‘विहीर’ म्हणजे व, वेलांटी, ह, वेलांटी, र, अशी जेमतेम पाच चिन्हं. त्यामुळे ‘विहीर’ आणि ‘विहिर’ यांची गाठच पडत नाही आणि वाटतं की सगळं स्वच्छ आहे. ते २ किंवा ३ करा. मग उलटा त्रास सुरू होतो, ‘गाडी’ आणि ‘माडी’ एका गटात येतात. म्हणून ‘सगळे जोडा’ दाबू नका, गट एकेक करून पाहा.

शेवटी उरलेल्या शब्दांचा तक्ता करा: जुना शब्द, किती नगांवर, आता काय (प्राधान्यनाव / पर्यायी / दुसऱ्या रकान्यात / टाकून द्या), संकल्पनाक्रमांक. जास्त वापराच्या शब्दांपासून खाली या. वरचे दोनशे झाले की बहुतेक नग मार्गी लागलेले असतात.

अधोरेखित

यादी चालू झाल्यावरचं थोडं. शब्द जोडायचा अधिकार एक-दोघांनाच. शब्द कधीच पुसू नका, ‘वापरातून काढला’ अशी खूण करून त्याच्याकडून नव्याकडे ‘पहा’ संदर्भ द्या. क्रमांक तोच राहतो, नाव बदलतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२१मध्ये ‘बेकायदा परके’ या अर्थाचं शीर्षक अपमानकारक म्हणून बदललं. अशा बदलानंतर ज्यांच्या नोंदींत क्रमांक असतो त्यांना सहसा एका जागी दुरुस्ती पुरते, ज्यांनी नुसता मजकूर चिकटवलेला असतो त्यांना नोंद नि नोंद उघडावी लागते. जुना शब्द छुप्या नावांत राहू द्या, जुन्या साहित्यातून वाट काढत येणारा तोच टाइप करतो.

बिनीचा_शब्द

शेवटचं विचारतो. कुठेच न बसणाऱ्या नगांसाठी ‘इतर’ ठेवावा का यादीत?

तळटीप

नको. ‘संकीर्ण’ही नको. ‘इतर’ कुणी शोधत नाही, आणि तो यादीत असला की अवघड नग तिकडेच सरकवले जातात. विषयाचा रकाना रिकामा सोडा आणि कामकाजाच्या वेगळ्या रकान्यात ‘विषय बाकी’ अशी खूण करा. पन्नासेक साचले की एकत्र मांडून बघा, त्यात बहुतेक वेळा यादीत नसलेली एखादी संकल्पना दहा-बारा नगांवर दबा धरून बसलेली असते.

कपाटचावी

बरं. ५० नगांचा तक्ता याच धाग्यात टाकतो, ‘फक्त व्यापक’च्या ओळी वेगळ्या रंगात.